शाळेची भिंत लेकरांनी रंगवायची आहे : काय काढावं, कशानं रंगवावं?

बालाघाटकर

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात बालाघाटावर आमची जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे. रस्त्याकडच्या कंपाउंडची भिंत लांबलचक आणि कोरी आहे. तिच्यावर पर्यावरणाचं चित्र काढायचं असं सातवी-आठवीच्या लेकरांच्या मनात आलंय. रंगाचे पैसे ग्रामपंचायत देणार आहे. पेंटर लावायचा नाही, आम्हीच रंगवणार, ही लेकरांची अट.

आधी सगळ्यांना वहीत आराखडा काढायला लावला. काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचं झाड, तळहातावर ठेवलेली पृथ्वी आणि तिच्या डोळ्यांत पाणी. काहींनी बर्फावरचं पांढरं अस्वल काढलं. आमच्या गावात मे महिन्यात टँकरमागं घागरी पळतात आणि वहीत अस्वल बर्फासाठी रडतंय!

मग वह्या मिटायला सांगितल्या आणि गृहपाठ दिला. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, तुम्ही आमच्याएवढे होतात तेव्हा गावात काय होतं जे आता नाही? आणि काय नव्हतं जे आता आहे?

उत्तरं वाचत बसलो तर शाळा सुटली तरी कळलं नाही. ओढ्याला उन्हाळ्यातही खेकडे सापडायचे. पाणंदीच्या तोंडाशी हिवराचं झाड होतं, त्याच्याखाली वऱ्हाडाच्या बैलगाड्या सुटायच्या. ७२ च्या दुष्काळात गावच्या पाझर तलावावर आज्ज्यांनी खडी फोडली, तिथं लेकरांना सुकडी मिळायची. एकीच्या आजीनं नडगीवरचा व्रण दाखवला, खडीची कपची उडून लागलेली. त्या तलावाच्या कडेला लेकरं रोज गुरं चारतात, पण तो आपल्याच आजीनं बांधलाय हे कुणाला माहीत नव्हतं. आणि नव्यानं काय आलं, तर बोअर, ऊस, पवनचक्क्या आणि वेफर्सची रिकामी पाकिटं.

आता अडचणी. रंगाचं मला फारसं कळत नाही. आमच्याकडं चित्रकलेचे शिक्षक नाहीत. शंभराच्या वर पट असेल तर सहावी ते आठवीला कलेचा अंशकालीन निदेशक मिळायला पाहिजे असं कायदा म्हणतो, पण आमचा पट शंभराच्या आतच.

दुसरी अडचण नाजूक आहे. आठवीतल्या एका मुलीनं काढलंय ते असं : उसाचं एक जाड टिपरू, त्याला तोंड, तोंडात स्ट्रॉ आणि स्ट्रॉचं दुसरं टोक विहिरीत. विहिरीच्या तळाशी उपडी पडलेली घागर. बाजूला कोयता. मला तर सगळ्या वहीत हेच एक चित्र वाटलं. पण शाळा व्यवस्थापन समितीतले एक सदस्य बघून म्हणाले, "गुरुजी, गावात ऊसवाले हायत, उगं कशाला वाद." काय करावं?

ब्रशवाला

नांदेडला पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आलं आणि ते काम गेलं. आता घरं रंगवतो, शाळांच्या भिंतीही. रंगापुरतं सांगतो.

प्लास्टर नवं असेल तर महिनाभर तरी थांबा, ताज्या सिमेंटचा क्षार रंग खातो. जुनं असेल तर तारेच्या ब्रशनं घासून शेवाळ काढा, धुवा, कडक वाळू द्या. मग एक्स्टेरियर प्रायमर आणि वर एक्स्टेरियर इमल्शन. पांढऱ्याची मोठी बादली घ्या, बाकी स्टेनरच्या, म्हणजे पांढऱ्यात कालवायच्या दाट रंगाच्या, छोट्या बाटल्या. रंग लेकरांनाच कालवू द्या, अर्धी मजा त्यातच असते.

ऑइलपेंट घेऊ नका. दुकानदार तोच गळ्यात मारणार, कारण चकाकतो. भिंतीतली ओल त्याच्यामागं अडकते, पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात आणि मग पापुद्रे. हात पुसायला टर्पेंटाइन लागतं ते वेगळंच. शिशाचंही बघा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही, डब्यावर तसं छापलेलं असतं. कुणाच्या माळ्यावर राहिलेला जुना डबा फुकट मिळतोय म्हणून आणू नका. भिंतीवर आधीचा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासताना लेकरं जवळ नकोत.

खालचा दीड-दोन फूट सोडून द्या. जमिनीची ओल चढते, खार फुटतो, कुठलाच रंग टिकत नाही. तिथं गेरूचा पट्टा मारा आणि दर दसऱ्याला नवा करा. उन्हाच्या बाजूला भडक लाल-पिवळे स्टेनर लवकर उडतात. गेरू आणि पिवडी, म्हणजे तांबडी आणि पिवळी माती, हे लोखंडाच्या गंजाच्या जातीचे रंग, ऊन त्यांचं काही वाकडं करत नाही. तुमच्याकडची जमीन, दगड, वाळलेलं गवत, सगळं त्या दोनांत बसतं.

आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावू नका. दिवाळीनंतर घ्या.

बालाघाटकर

ब्रशवाला, बाकी सगळं डोक्यावर. पण दिवाळीनंतर कुणाला घेऊन रंगवू? दसरा-दिवाळी झाली की टोळ्या हलतात. निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला जातो, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. येतात ते मार्च-एप्रिलात. ज्यांनी चित्र काढलंय तीच लेकरं रंगवायला नसणार.

माळटिटवी

पांढऱ्या अस्वलाची जागा कुणाला द्यायची याची यादी माझ्याकडं तयार आहे.

चित्रात मोर हमखास येणार. येऊ द्या, पाटोद्याजवळ नायगावला मोरांसाठी अभयारण्यच आहे. पण मोर आला की लेकरं तिथंच थांबतात, म्हणून पुढं ढकला. तुमच्या माळावर काळवीट आहे, खोकड आहे, लांडगा आहे, घोरपड आहे. तारेवर नीळकंठ आणि वेडा राघू बसतात. सरकारी कागदात माळ म्हणजे पडीक जमीन, ती रिकामी नसते हे दाखवायला याहून चांगली भिंत मिळायची नाही.

टिटवी तर काढाच, पण नीट बघून काढा. आपल्याकडं दोन टिटव्या. पाण्याच्या कडेला ओरडत फिरणारी, तिच्या डोळ्यापुढं लाल मांस, डोकं-छाती काळी. दुसरी कोरड्या माळावरची, अंगानं मातकट, डोक्यावर काळी टोपी आणि डोळ्यापुढं पिवळी पाळ लोंबते. पाय दोघींचेही पिवळे. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर चार खडे मांडावेत तशी अंडी, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर बेताचा, असं आमचे आजोबा सांगायचे. खरंखोटं सोडा, पण पावसाचा अंदाज बघायला माणूस जमिनीकडं बघत होता.

झाडांत बाभूळ, बोर, हिवर, पळस, आपटा, कडुनिंब. गुलमोहर दिसतो छान, पण तो मादागास्करचा. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. आणि नारळ बालाघाटावर कुणी बघितलाय का ते त्या लेकरांनाच विचारा.

स्पष्टच_बोलतो

सगळ्यांचा उत्साह बघून वाईट वाटतंय, पण बोलतो. २०२० ला माझी वसुंधरा अभियान आलं तेव्हापासून प्रत्येक गावात पंचतत्त्वांची भिंत झाली. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश, आणि मधे तळहातावरची पृथ्वी. एकाच कंत्राटदाराचा एकच स्टेन्सिल. आमच्या गावात 'पाणी अडवा पाणी जिरवा' लिहिलेल्या भिंतीखालच्या नळाला तोटी नाही, पाणी तसंच रस्त्यावर वाहतंय. त्या रंगाच्या पैशात तोटी बसवा, झाडं लावा, त्यांना जाळ्या करा. चित्रानं कुणाचं डोकं बदललंय?

बालाघाटकर

तोटी बसवायची आहे हे मान्य. पण कंत्राटदाराची भिंत आणि ही भिंत एका मापात मोजू नका. आमच्या लेकरांनी रंगाला हात लावायच्या आधीच घरी जाऊन तलाव कुणी बांधला ते विचारलंय. स्टेन्सिल मारणाऱ्याला ते कधी विचारावं लागलं नाही.

पाणचक्कीवाला

मी संभाजीनगरचा, म्हणून अजिंठा मधे आणणारच, माफी असावी. भिंतीवर चित्र कसं काढावं हे जगाला मराठवाड्यानं दाखवलंय, आणि आपण शहरातल्या कॅफेच्या भिंती बघून डिझाइन उचलतो. तिथं खडकावर मातीचा गिलावा दिला, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. रंग कुठले? लाल गेरू, पिवडी, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढऱ्याला चुना. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो बाहेरून आलेला. लेकरांना एक दिवस ओढ्याकाठच्या माती गोळा करायला लावा. वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवा. रंगाचा खर्च वाचेल आणि भिंतीवर खरोखर गावच लागेल.

ब्रशवाला

पाणचक्कीवाला, कल्पना झकास, पण अजिंठ्याच्या चित्रावर अख्खा डोंगर छत धरून उभा आहे हो. डिंकात कालवलेली माती रस्त्याकडच्या भिंतीवर मृगाच्या पहिल्या सरीला वाहून जाईल.

मात्र यावरून एक सुचलं. गुरुजी, शाळेला व्हरांडा आहे ना? तिथली आतली भिंत कोरडी असणार. पावसाळ्यातही काम चालतं, मातीचे रंगही टिकतात, वास नाही, ऊन नाही, परांची बांधायची गरज नाही. टोळ्या हलायच्या आत तिथं घ्या. रस्त्याकडची भिंत मार्चमध्ये, सगळी परत आल्यावर.

एक इशारा. चुना घ्यायचाच तर विरलेला घ्या. कळीचा चुना लेकरांसमोर पाण्यात टाकू नका, उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

काळी_माती

मी ऊसवाला हाय. केज तालुका. सगळं वाचलं, आता माझं बी आयका.

उसाला तोंड काढलं, स्ट्रॉ लावला, हसायला बरं वाटतंय. पण ऊस कामून लावतो माणूस? उसाला एफआरपी हाय, म्हंजी सरकारनं ठरवलेला कमीत कमी भाव, उशिरा का हुईना पैसा येतो. सोयाबीनचा हमीभाव कागदावर, आडतीवर गेलं की भाव पडलेला. तुरीचं बी तेच. गारपीट झाली तर ऊस उभा राहतो, दुसरं काय राहतंय? माझं पोरगं त्याच शाळंत शिकत असंल तर रोज त्या भिंतीपुढून जाताना त्याला काय वाटंल, आपला बाप गावाचं पाणी पितो?

शिव्या देणारं चित्र काढण्यापरीस विहीर चिरून दाखवा. वरून काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. पाणी ऱ्हातंय ते मुरमात आन खडकाच्या भेगंत. पाषाणात बोअर किती बी मारा, भेग नाय लागली तर धुरळाच निघतो. पहिली विहीर चाळीस-पन्नास फुटाची, तिच्यावर मोट चालायची. मग आडवं बोअर मारलं. मग उभं बोअर, दोनशे, चारशे, सहाशे फूट. शेजाऱ्यानं सहाशे मारलं की माझं आटतंय, मग मी सातशे. हे सगळं एका चित्रात दाखवा. त्यात आमचं बी चुकलंय ते आमाला कळंल, कुणाचं तोंड काढायची गरज नाय.

माळटिटवी

काळी_माती, विहिरीच्या छेदाला शंभर गुण. ते चित्र मोठं झालंच पाहिजे.

मांजराकाठ

लातूरहून. ऊस हा शब्द आला की आमच्याकडं सगळे आवाज खाली करतात, म्हणून जरा मोठ्यानं लिहितो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटरच्या आसपास, प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या घरातला. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. आमच्या मांजरा धरणात तेव्हा चिखल होता. तुमच्याच पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचं धरण ते. मराठवाड्याचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस ६८० मिलिमीटरच्या आसपास, आणि उसाची तहान त्याच्या कितीतरी पट. हा हिशेब लेकरांना कळतो, मोठ्यांना का कळत नाही? एकट्या शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही हे मान्य. कारखाने कुणी काढले, परवाने कुणी दिले, तेही मोठे आणि शिकलेले लोक होते. पण म्हणून चित्र पुसायचं? ते चित्र राहिलंच पाहिजे.

काळी_माती

कारखान्याच्या चेअरमनचं तोंड काढा मग. टिपराचं कामून?

पाणचक्कीवाला

आठवीतल्या पोरीला चेअरमनच्या तोंडी द्यायला निघालात का?

परभणीची_सूनबाई

समितीबद्दल थोडं. मी आमच्या शाळेच्या समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. एका सदस्यानं येऊन 'नको' म्हटलं म्हणजे समितीनं नको म्हटलं असं होत नाही. बैठक लावा, विषयपत्रिकेवर घ्या आणि सगळ्यांच्या पुढ्यात वही ठेवा. बायकांना वेळ जमेल अशी बैठक लावा, नाहीतर सकाळी अकराला बोलावता आणि सह्या घरी पाठवता.

आणि तुमच्या यादीत बारव बसते का बघा. आमच्या सेलू तालुक्यात वालूरला गोल गोल जिन्यानं खाली उतरणारी बारव आहे. जुन्या लोकांनी पाणी जमिनीखाली कसं जपलं ते शंभर घोषवाक्यांत येत नाही. तुमच्या बीडची खजाना विहीर तर आहेच.

बालाघाटकर

बैठक झाली. जरा सविस्तर लिहितो, कारण मला वाटलं तसं काहीच झालं नाही.

सूनबाईंचं ऐकून संध्याकाळी लावली, शेतातून आल्यावर. बायका आल्या. त्या सदस्यांनी आपलं म्हणणं मांडलं, शांतपणे मांडलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्या मुलीलाच विचारलं, तू हे का काढलंस? ते सदस्य म्हणाले, "बाई, तुझे मायबाप उसावरच जगतेत ना?" ती म्हणाली, "म्हणूनच काढलंय. तिकडं उसाला पाणी असतंय, आमच्या कोपीवर नसतंय."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी चित्रात आमच्या गावचा ऊस बघत होतो. ती घागर मी गावातली समजत होतो. तिचा ऊस दुसऱ्याच जिल्ह्यातला, कारखान्याच्या फडातला. पहाटे उठून आई तोडीला गेली की कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, पाणी भरायचं काम हिचं.

त्यावर कुणी वाद घातला नाही. बायकांनी वही हातोहात फिरवली आणि चुका काढायला लागल्या. एक म्हणाली, कोपी कुठंय? कोपी नाही तर हे कळायचं कसं? दुसरी म्हणाली, पाचटाची काढू नको, आता वर निळी ताडपत्री असती. कोयत्याची मूठ चुकलीय, ती सरळ नसती. एकीनं भिंतीला टेकून उभं राहत मोळी डोक्यावर कशी बसते ते दाखवलं आणि आठवीची दोन पोरं तिथंच पेन्सिलीनं काढायला बसली. सदस्य शेवटी एवढंच म्हणाले, कुठल्या कारखान्याचं नाव नको. ते तसंही नव्हतंच.

टिपराचं तोंड मात्र अजून लटकलेलं आहे. काळी_माती यांचा मुद्दा मी तिला सांगितला. तोंड काढून टाक, किंवा बाजूला ठिबक दाखव, म्हणजे कुणाला लागायचं नाही. तोंड काढून टाकायला ती कशीबशी तयार झालीय, ठिबकला नाही. म्हणते, आम्ही तोडतो तिथं पाट सोडतेत, ठिबक कुठंय?

काळी_माती

कोपीचं वाचून जरा गप झालो. आमच्या फडावर बी टोळी येती. त्यांना प्यायला पाणी कुठून ते कधी इचारलं नव्हतं. तोंड ऱ्हाऊ द्या गुरुजी, माझी हरकत नाय. पण विहिरीचा छेद मोठा काढा, आन बोअर किती खोल गेले ते फुटात लिहा.

स्पष्टच_बोलतो

मी चित्राच्या विरोधातच आहे, तरी एक सुचवतो. विहिरीच्या छेदाशेजारी फुटांची पट्टी रंगवा आणि शाळेजवळच्या खऱ्या विहिरीची पातळी दर वर्षी ऑक्टोबरला आणि मे महिन्यात मोजून तारखेसह खूण करा. दोरीला दगड बांधून मोजलं तरी चालतं, फक्त मोठं माणूस सोबत पाहिजे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा वर्षाचा आकडा बाजूला लिहा. म्हणजे निदान भिंत दरवर्षी काहीतरी नवीन बोलेल. बाकी तोटीचं विसरू नका.

बालाघाटकर

वा! विरोधकानंच सगळ्यात कामाचं सांगितलं. पट्टी घेतली. तोटी बसवली, फोटो टाकतो.

तर आता असं ठरतंय. व्हरांड्याच्या भिंतीवर गणपतीच्या सुट्टीनंतर सुरुवात. डावीकडं पाझर तलाव आणि खडी फोडणाऱ्या आज्ज्या, मधे विहिरीचा छेद आणि पट्टी, उजवीकडं ऊस आणि कोपी. वर माळ, टिटवी, नीळकंठ आणि क्षितिजावर पवनचक्क्या. हिवर पाणंदीच्या तोंडाशीच. रंग गेरू, पिवडी, चुना, काजळी आणि कपड्याची नीळ. ताडपत्रीला नीळ पाहिजेच. हिरवी माती मिळाली नाही, हिरव्यासाठी स्टेनर घेतो. कंपाउंडची भिंत मार्चमध्ये, तिच्यावर काय काढायचं ते तेव्हाची लेकरं ठरवतील.

ब्रशवाला, दोन प्रश्न राहिले. वहीतलं चित्र भिंतीवर मोठं करायचं कसं? आणि ब्रश धुतलेलं पाणी कुठं टाकायचं?

ब्रशवाला

वहीतल्या चित्रावर चौकटी पाडा, दोन-दोन सेंटीमीटरच्या. भिंतीवर तेवढ्याच चौकटी, पण फुटाच्या. रेषा मारायला गवंड्यासारखं करा : सुतळी गेरूच्या पुडीत लोळवायची, दोन पोरांनी दोन टोकं ताणून धरायची, तिसऱ्यानं मधे ओढून सोडायची. सरळ रेघ उमटते आणि नंतर ओल्या फडक्यानं पुसते. मग एकेका लेकराला एकेक चौकट वाटून द्या. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यालाही चौकट येते.

पाणी : मातीचे रंग झाडाच्या आळ्यात टाकले तरी चालतात, चुना सोडून. स्टेनरचं आणि इमल्शनचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा नळाखाली नको, ते शेवटी प्लास्टिकच असतं. आधी ब्रश कागदावर पुसून काढा, मग एकाच बादलीत धुवा. बादली दोन दिवस ठेवली की गाळ खाली बसतो. वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरा, गाळ वाळवून कचऱ्यात.

रविवारी मी परळीला बहिणीकडं येतोय. तिथून तुमच्याकडं यायला एसटी आहे का? चौकटी पाडून देऊन जातो.

बालाघाटकर

सकाळची आहे, पण भरवशाची नाही. परळीला मीच मोटारसायकल घेऊन येतो. येताना तिथल्या बाजारातून पिवडी घ्यायचीय, आमच्या दुकानात गेरूच मिळाला. पाच किलो पुरंल का?

ब्रशवाला

दोन बास. भिंत रंगवायचीय, वाडा नाही.